मे महिन्यातले अर्धे फर्मे

पुस्तक छापलं जातं ते फर्म्यांत. डेमी, म्हणजे नेहमीच्या कादंबरीएवढ्या आकाराच्या मराठी पुस्तकाचा एक फर्मा म्हणजे १६ पृष्ठं, आपल्या बोलण्यातली सोळा पानं. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पानं छापायची, तीन घड्या घालायच्या, शिवायचं आणि कापायचं. १७६ पानांचं पुस्तक असेल तर ११ फर्मे. शिवलेलं पुस्तक वरच्या बाजूने पाहिलं की पाठीशी या जुड्या वेगवेगळ्या दिसतात. जुन्या पुस्तकांत प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडाही सापडतो. वाचनालयात १९ वर्षं पुस्तकं देण्याघेण्याचं काम केलं की हे आपसूक नजरेत बसतं. वाचणाऱ्याला एरवी त्याचं काही देणंघेणं नसतं. गेल्या मे महिन्यात मला त्याच फर्म्यांनी माप दिलं.

एक तारखेला पहाटे बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. मार मेंदूच्या उजव्या बाजूला होता, म्हणून डावा हात आणि पाय गेला. बोलणं शाबूत राहिलं. सहा दिवस आयसीयू, बारा दिवस वॉर्ड आणि १९ तारखेपासून घर. धाकटी बहीण आणि मी पाळ्या लावल्या होत्या. आमची कहाणी एवढीच पुरे. त्या ३१ दिवसांत वाचन कसं चाललं, कुठे अडलं आणि का अडलं, तेवढं लिहून ठेवते.

घरात आजारपण आलं की लोक वाचनालयात येऊन काय मागतात, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. कुणाला त्या आजारावरचं पुस्तक हवं असतं, कुणाला धीर देणारं काहीतरी. आणि एक मोठा वर्ग म्हणतो, ‘आता दवाखान्यात बसूनच राहायचं आहे, तर ती मोठी कादंबरी द्या.’ सहाशे पानांची कादंबरी पंधरा दिवसांनी परत येते. तिच्यातली खूण विसाव्या-बाविसाव्या पानावर असते. मीही अशी पुस्तकं निमूटपणे देत आले. दवाखान्यात वेळ भरपूर असतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण कादंबरीला वेळेपेक्षा जास्त लागते ती माणसं ध्यानात ठेवण्याची ताकद. कोण कुणाची सून, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे सगळं डोक्यात धरून पुढे जायचं असतं. ज्या डोक्यात सोडियमचा आकडा, मेडिक्लेमचा फॉर्म आणि रात्री कोण थांबणार हे आधीच भरलेलं आहे, तिथे या सुनेला जागा कुठून मिळणार?

म्हणून पहिलं पुस्तक घ्यावं ते आधी वाचून झालेलं. तेही गेल्या वर्षी वाचलेलं नको, विशीच्या आसपास आवडलेलं असावं. त्यातली माणसं आधीच ओळखीची असतात. मध्ये दोन पानं डोळ्यांखालून नुसती सरकली तरी काही बुडत नाही. दुसरं पुस्तक माहितीचं आणि आपल्या संकटाशी काडीचाही संबंध नसलेलं घ्यावं: झाडं, पाखरं, किल्ले, मसाले. त्यात दोन-तीन पानांची सुटी प्रकरणं हवीत. बहिणीने विदर्भातल्या झाडांवरचं पुस्तक घेतलं होतं. डॉक्टरांच्या राउंडची वाट पाहताना ती मोहाच्या आणि तेंदूच्या नोंदी वाचायची. वाट पाहताना गोष्ट वाचता येत नाही, नोंद वाचता येते. नोंद कुठेही तुटली तरी चालतं. तिसरं पुस्तक ओव्यांचं किंवा कवितेचं. त्याबद्दल पुढे.

वजनाचा विचार लोक करत नाहीत आणि तिथेच फसतात. एका हातात फाइल किंवा औषधांची पिशवी असते, पुस्तक दुसऱ्या हातात धरून उभ्याने वाचावं लागतं. दोनशेच्या आतली पानं आणि पाव किलोच्या आतलं वजन ठीक. जाड पुठ्ठ्याची आवृत्ती घरी ठेवावी. बांधणी बघूनच उचलावं. फक्त डिंकाने चिकटवलेलं पुस्तक नागपूरच्या मे महिन्यात स्कूटरच्या डिक्कीत दुपारभर राहिलं तर पाठीचा डिंक मऊ पडतो. मग उघडताना पानांचा गठ्ठाच हातात येतो. पारा पंचेचाळिशीला असताना बंद डिक्कीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. शिवलेलं पुस्तक हे सोसतं. सॅनिटायझर लावल्यावर हात पूर्ण वाळेपर्यंत पुस्तकाला हात लावू नये, शाईच्या पेनाने लिहिलेल्या नोंदी लगेच फुटतात. आयसीयूच्या आत पुस्तक नेऊच नये. बाहेरच्या हॉलसाठी कव्हर प्लास्टिकचं घालावं, ते पुसता येतं.

रोज किती वाचलं याची मी वही ठेवली होती. आयसीयूच्या सहा दिवसांतले चार दिवस तिच्यात कोरे आहेत. हॉलमध्ये दर थोड्या वेळाने माइकवर हिंदीतून पेशंटचं नाव आणि ‘के रिलेटिव काउंटर पे आइए’ अशी हाक येते. कान सारखा तिकडे लागलेला असतो, म्हणून डोळे ओळीवरून फिरतात आणि आत काही जात नाही. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचतो आहोत हे लक्षात येतं आणि वर स्वतःचाच राग येतो. पाचव्या दिवशी वेळा नीट पाहिल्या तेव्हा दिसलं की सगळा दिवस सारखा नसतो. भेटीच्या वेळेआधीचा तास वाचनाला निरुपयोगी. राउंडच्या आधीचाही तसाच. संध्याकाळची भेट आटोपल्यावर मात्र अर्धा-पाऊण तास जीव थोडा खाली बसतो, कारण माणूस नुकताच डोळ्यांनी पाहिलेला असतो. वाचायचं ते तेव्हाच.

मापही तेव्हाच ठरलं. एरवी एक फर्मा मी अर्ध्या तासात वाचते. इथे अर्धाच घ्यायचा, आठ पानं. वेळ झाली की मध्येच थांबायचं, अगदी रंगात आलं असलं तरी. याचं कारण व्यवहारी आहे. एक दिवस चाळीस पानं झाली की दुसऱ्या दिवशी आठ पानं म्हणजे हार वाटते आणि तिसऱ्या दिवशी पुस्तक पिशवीतून निघत नाही. प्रकरण संपवूनही थांबू नये. पुढचं प्रकरण सुरू करणं थकल्या माणसाला नव्याने चूल पेटवण्यासारखं जड जातं. अर्ध्या प्रसंगात खूण घातलेली असली की दुसऱ्या दिवशी आपण थेट आत शिरतो.

एक पान दोनदा वाचूनही डोक्यात शिरलं नाही, तर तिसऱ्यांदा वाचायचं नाही. पुस्तक मिटून ओव्यांकडे वळायचं. त्याही जमल्या नाहीत तर तो दिवस कोरा. कोरा दिवस उद्या भरून काढायचा नाही, हे बहिणीला पटवायला मला चार दिवस लागले.

एकच पुस्तक दोघींनी वाचायचं असेल तर खुणा दोन हव्यात, वेगळ्या रंगाच्या. आमची सुरुवातीला एकच होती. पाळी बदलताना तिची जागा माझ्या हातून हलायची आणि त्यावरून एका रात्री चक्क भांडण झालं. भांडणाचं खरं कारण खूण नव्हती, हे दोघींनाही कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी दुसरी खूण आणली.

मोबाइलचं वेगळं सांगावं लागेल, कारण त्या महिन्यात वाचनाचा बहुतेक वेळ तोच खातो. फोन बंद ठेवा म्हणणं सोपं आहे, पण दवाखान्यातून कधीही फोन येतो. आम्ही दवाखाना आणि एकमेकींचा नंबर सोडून बाकी सगळ्यांचा आवाज बंद केला. आणि आजाराबद्दल शोधायचं थांबवलं. शोधत बसलं की वीस मिनिटांत माणूस सगळ्यात वाईट शक्यतेपाशी येऊन पोचतो. त्याऐवजी मनात आलेला प्रश्न वहीत लिहायचा आणि राउंडला विचारायचा. दिवसाला पाच-सहा प्रश्न जमत. डॉक्टर दोन मिनिटं थांबत, तेवढ्यात तीन तरी विचारून होत. म्हणून महत्त्वाचा प्रश्न सगळ्यात वर लिहायचा.

सगळ्यात चांगलं वाचन झालं ते मेट्रोत. आमचं घर सुभाषनगरकडे, दवाखाना धंतोलीच्या बाजूला. काँग्रेसनगरला ऑरेंज लाइनवर बसायचं आणि पुढच्याच स्टेशनला, बर्डीला म्हणजे सीताबर्डीला, उतरून अ‍ॅक्वा लाइन धरायची. बर्डीच्या आधी पुस्तक उघडायचं नाही. एकदा मी उघडलं आणि झीरो माइलला पोचल्यावर मान वर केली. लाइन बदलली की मग झाशी राणी, इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनीअर्स, शंकरनगर, एलएडी, धरमपेठ कॉलेज आणि सुभाषनगर अशी सहा स्टेशनं. गार डबा, बसायला जागा आणि कुणी हाक मारणार नाही याची खात्री. थांबायचं कधी हे ठरवावं लागत नाही, स्टेशनच ठरवतं. अर्ध्या फर्म्यातली निम्मी पानं इथेच व्हायची.

वॉर्डात आल्यावर वाचन मोठ्याने सुरू झालं आणि तिथे नवीनच अडचण उभी राहिली. मेंदूच्या उजव्या बाजूच्या झटक्यात काही पेशंटचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे चांगले असतात, पण डावीकडचं जग त्यांच्या हिशेबात राहत नाही. ताटातली डावीकडची भाजी तशीच राहते. बाबांनी पेपरातला मथळा वाचला, ‘सहा अंशांवर.’ मथळा होता, ‘पारा ४६ अंशांवर.’ आधीचा शब्द गेला आणि आकड्यातला ४सुद्धा गेला. वाचून स्वतःच चक्रावले, ‘मे महिन्यात सहा अंश?’ आपलं काही सुटलं आहे हे त्यांना कळत होतं, काय सुटलं ते सापडत नव्हतं. पुस्तकाच्या रुंद ओळीत तर अर्धं वाक्यच हरवायचं आणि पुढच्या ओळीशी त्याचा मेळ लागायचा नाही.

ऑक्युपेशनल थेरपिस्टने दाखवलेली युक्ती साधी आहे. मजकुराच्या डाव्या समासात वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ ओढायची. ओळ वाचायला घेण्याआधी ती लाल रेघ शोधायची आणि ती दिसल्याशिवाय पहिला शब्द उच्चारायचा नाही. पेपरवर स्केचपेन चालतं. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघ ओढवेना, म्हणून लाल कार्डपेपरची बोटभर रुंद पट्टी कापली आणि समासावर धरली. दुसरं म्हणजे रुंदी कमी करायची. पेपरातला अरुंद कॉलम पुस्तकाच्या पानापेक्षा सोपा जातो, कारण ओळ चार-पाच शब्दांत संपते आणि डोळ्याला परत डावीकडे यायचं अंतर कमी पडतं. एका वेळी एकच कॉलम दिसेल असं बाकीचं पान घडी घालून झाकायचं. आम्हाला बाबांच्या डाव्या बाजूला बसून वाचायला सांगितलं होतं, म्हणजे आवाजाच्या निमित्ताने मान तिकडे वळते. पहिले दोन दिवस ते भिंतीकडेच बोलत होते.

वेळ पाच ते सात मिनिटं. दमल्याची खूण म्हणजे सोपे शब्द सुटायला लागतात आणि जांभया येतात. ‘आणखी थोडं’ हा मोह आपला असतो, पेशंटचा नसतो.

बालभारतीचं पुस्तक देऊ नका, हे मात्र आवर्जून सांगते. अक्षरं मोठी म्हणून सगळे तेच सुचवतात. ज्या माणसाने आयुष्यभर रोज दोन पेपर वाचले, त्याच्या हातात चौथीचं पुस्तक दिलं की तो एक शब्द न बोलता ते पालथं ठेवतो. आमच्याकडे चाललं ते कालनिर्णय. घरचंच भिंतीवरचं काढून नेलं. समोर मोठ्या आकड्यांत तारीख आणि वार, जे पेशंटला रोज विचारायचंच असतं. आणि पानांच्या मागे लेख, पाककृती, आरोग्य असं आटोपशीर काहीतरी. बारीक अक्षरातलं आम्ही वाचायचं, मोठ्या अक्षरातलं त्यांनी. बारा दिवसांत जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतची सगळी मागची पानं झाली.

दुसरी कामाची वस्तू म्हणजे पुस्तिका. दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथून दरवर्षी आणलेल्या ३२ आणि ४८ पानी पुस्तिका घरात पडून होत्या. दोन किंवा तीन फर्मे, स्टेपल मारलेल्या, पर्समध्ये मावणाऱ्या. चरित्रं, भाषणं, इतिहास. चार दिवसांत एखादी पूर्ण होते. त्या महिन्यात कोणतंही काम पूर्ण होत नसताना पुस्तिकेचं शेवटचं पान उलटणं ही लहान गोष्ट नव्हती.

वॉर्डात मोठ्याने वाचताना बाजूचे पेशंट ऐकतात हे धरून चाला. मृत्यू, तेराव्याचा प्रसंग, दवाखाना असलेला मजकूर आधी चाळून बाजूला काढा. एकदा मी अशाच एका पानापाशी अडखळून थांबले. बाजूच्या खाटेवरच्या भंडाऱ्याच्या काकू म्हणाल्या, ‘काऊन थांबल्या जी? वाचा ना पुढचं.’ त्यांना मिरच्यांच्या लोणच्याची कृती ऐकवली. त्यात मोहरी कमी सांगितली आहे, असं त्यांचं मत पडलं.

आता ओव्या. कठीण काळात नेमाने वाचायची आपली जुनी पद्धत आहेच. सप्ताह असतो, पारायण असतं, घरात कुणी गेलं तर गरुडपुराण लावतात. त्या पद्धतीत एक शहाणपण आहे: आज किती वाचायचं हे वाचणाऱ्याने ठरवायचं नसतं, ते आधीच ठरलेलं असतं. फक्त ज्ञानेश्वरी ‘रोज एक अध्याय’ अशी धरली की गाडी रुतते, कारण अध्याय सारखे नाहीत. पहिल्यात २७५ ओव्या, अठराव्यात १८१०. म्हणून महिन्यासाठी एकच अध्याय घ्यावा आणि ओव्यांनी भागावा. बाराव्या अध्यायात २४७ ओव्या आहेत. रोज आठ धरल्या तर ३१ दिवस होतात आणि शेवटच्या दिवशी सात उरतात. मे महिन्याला इतकं नेमकं बसणारं दुसरं माप मला माहीत नाही. प्रत सार्थ घ्यावी. मोठ्याने मात्र फक्त ओव्या वाचाव्यात. अर्थ मध्ये घातला की लय तुटते आणि ऐकणारा झोपतो. आठ ओव्यांना सावकाश वाचून तीन मिनिटं लागतात. श्रद्धेचा प्रश्न इथे मी बाजूला ठेवते. ज्यांना हे नको असेल त्यांनी कोणताही कवितासंग्रह घ्यावा, फक्त रोजचं माप आधी ठरवावं.

डिस्चार्जच्या दिवशी वाचनाची आशा ठेवू नये. बिलं, टीपीएचे म्हणजे मेडिक्लेमचे कागद, अँब्युलन्स, खाट भाड्याने आणणं यातच तो दिवस जातो. तो कोरा. घरी आल्यानंतरचे पहिले दोनही कोरे, कारण घर आता घर राहिलेलं नसतं. औषधांचं वेळापत्रक फ्रिजवर लागतं, हॉलमध्ये खाट येते, रात्रीची मावशी कुठे झोपणार हे ठरत नाही. आम्हाला वाटलं होतं की घरी निवांत वाचता येईल. उलट इथे भेटीची वेळ नसते आणि म्हणून भेटीनंतरची अर्ध्या तासाची उसंतही नसते. ती मुद्दाम काढावी लागली: दुपारी तीन ते साडेतीन, एकीने बाबांजवळ, दुसरीने आतल्या खोलीत दार लावून.

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला आणि कूलर चोवीस तास चालू झाला. कूलरच्या समोर पुस्तक ठेवू नये. ताट्यांतून, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या भिजत्या जाळ्यांतून, आलेल्या हवेतली ओल कागद पितो. लॅमिनेशन केलेलं कव्हर बाहेरच्या बाजूने ओल घेत नाही, आतल्या बाजूने घेतं. आतली बाजू फुगते आणि कव्हर बाहेर वळतं. रात्री पुस्तकावर वजन ठेवलं तर सकाळी बरंच सरळ होतं. वाचायला कूलरच्या रेषेतून बाजूला बसावं, म्हणजे पानंही उडत नाहीत. मोठ्याने वाचताना कूलरच्या आवाजावर आवाज चढवावा लागतो आणि सात मिनिटांत घसा बसतो. त्या वेळेपुरता पंखा बंद करून नुसती पाण्याची मोटर चालू ठेवली तर ताट्या ओल्या राहतात आणि बोलणं ऐकू येतं.

महिनाअखेरीस वहीतली बेरीज अशी होती. ३१ पैकी ७ दिवस कोरे. उरलेल्या २४ पैकी २२ दिवस अर्धा-अर्धा फर्मा, म्हणजे १७६ पानांचं एकच पुस्तक पूर्ण. दोन दिवस नुसत्या ओव्या. एरवी एवढं मी आठवड्यात वाचते. बाराव्या अध्यायाच्या १९२ ओव्या झाल्या होत्या, ५५ राहिल्या. कोरे दिवस भरून काढायचे नाहीत हे ठरलेलंच होतं, म्हणून त्या पुढच्या सात दिवसांवर गेल्या.

७ जूनला सात ओव्या वाचून अध्याय संपला. शेवटची ओवी बाबांनी लाल पट्टी धरून वाचली. दोन ठिकाणी पहिलं अक्षर गेलं, एका ठिकाणी ते स्वतःच मागे आले. मृग लागला तो कोरडाच, ताट्यांना पाणी चालूच होतं. १० तारखेला पुस्तक वाचनालयात जमा केलं. सहाव्या फर्म्याची शिवण ढिली पडली होती, ते बाइंडिंगच्या गठ्ठ्यात टाकलं.